मदत हवी आहे: माव्याचा बंदोबस्त आणि मुलांचे प्रयोग

सामुदायिक बागेत ९ ते १२ वर्षांच्या मुलांना किडींचा प्रश्न निरीक्षणातून आणि स्वतः आखलेल्या उपायांतून सोडवायला शिकवण्याचा माझा प्रयत्न चालू आहे. वांग्याच्या पानामागे भिंगातून पाहताना त्यांना माव्याच्या (झाडाचा रस शोषणाऱ्या बारीक किडींच्या) गर्दीत फिरणाऱ्या मुंग्या दिसल्या, आणि माव्याने सोडलेल्या गोड, चिकट द्रवासाठी मुंग्या त्याची राखण करतात हे समजल्यावर त्यांनी खोडाभोवती मुंग्यांना अडवणारा चिकट पट्टा बसवायचे ठरवले. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. मात्र आधीच्या पिवळ्या चिकट सापळ्यांत मावा खाणारे ढालकिडेही (लेडीबर्ड भुंगेरे) अडकले, त्यामुळे मुले हिरमुसली आहेत. पट्टा असलेल्या आणि नसलेल्या झाडांची तुलना किती दिवस करावी, आणि मुलांना झेपतील अशा नोंदी कशा ठेवाव्यात, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.