एजंटचं कमिशन: नेमके कशाचे पैसे, आणि टक्केवारीतच का?
(घरविक्रीच्या एजंटांबद्दलची ही चर्चा. पायाभरणी, ताळेबंद, उंबरा आणि कडी_कोयंडा ही बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

पायाभरणी
घर विकलं गेलं की कमिशनचा आकडा बघून हमखास ऐकू येतं, ‘चार वेळा दार उघडलं आणि एवढे पैसे?’ हे बोलणं अन्यायाचं आहे. तो सगळा आकडा एजंटच्या खिशात जातच नाही. कमिशन १०० धरा. घेणाऱ्याचा एजंट वेगळा असेल तर आधी दोन वाटे, बहुतेकदा निम्मे-निम्मे. उरलेल्या ५० मध्ये ज्या फर्मच्या नावावर एजंट काम करतो तिचा हिस्सा. तो ३० टक्के असला तर हातात राहतात ३५. त्यातून फोटो, मोजमाप घेऊन काढलेला नकाशा, पोर्टलची जाहिरात, पेट्रोल, परवान्याचं नूतनीकरण, विमा. मग कर.

शिवाय हे बहुतेक खर्च व्यवहाराच्या आधीचे. सौदा फिसकटला तर त्यातलं काहीही परत मिळत नाही. १० घरं हाती घेतली आणि ६ विकली, तर उरलेल्या ४ घरांचा खर्च त्या ६ कमिशनांतूनच निघतो.

ताळेबंद
माझा आक्षेप नेमका तिथेच आहे. ज्या मालकाने अवाजवी किंमत धरून ठेवली त्याला काहीच झळ नाही, आणि ज्याने वाजवी किंमत लावून महिन्याभरात घर विकलं त्याने दोघांचं भरायचं. हा कुठला न्याय?

‘टक्केवारी असली की एजंट जास्त भाव मिळवून देतो’ असं म्हणतात, तेही तपासून बघा. कमिशन ३ टक्के आणि एजंटच्या हाती त्यातले ३५ टक्के. किंमत १०० ने वाढली तर मालकाला ९७ मिळतात, एजंटला जेमतेम १. त्या १ साठी आणखी दोन आठवडे तो कशाला थांबेल? आलेली बोली घ्या म्हणून मालकाला पटवणं त्याला जास्त परवडतं. लेव्हिट आणि सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातल्या सुमारे १ लाख घरविक्रींचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. एजंटांनी स्वतःची घरं विकली तेव्हा ती सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवली आणि त्यांना सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत आली.

उंबरा
तो अभ्यास बरोबर आहे, पण तो किमतीपुरता. बोली ठरल्यानंतर सौदा कुठे कुठे अडतो हे दोघांच्याही बोलण्यात आलं नाही, आणि खरे कष्ट तिथे आहेत.

कागदांवरचं क्षेत्रफळ आणि जाहिरातीतलं क्षेत्रफळ जुळत नाही. बंद केलेली बाल्कनी किंवा वाढवलेली खोली मंजूर नकाशात नसते. कागदावर तीन मालक, त्यातला एक परदेशात, आणि त्याचं मुखत्यारपत्र विक्रीसाठी चालणारं नाही. विकणाऱ्याचं जुनं कर्ज बाकी असतं. घेणाऱ्याच्या बँकेला घरावरचा बोजा, म्हणजे जुन्या कर्जाची नोंद, उतरलेला हवा आणि जुन्या बँकेला आधी पैसे हवेत. मग दोन्ही बँकांकडून लेखी घेऊन, कुठला धनादेश आधी, कुठला कागद नंतर, हा क्रम कोणीतरी बसवावा लागतो.

सगळ्यात जास्त दगा देतं ते बँकेचं मूल्यांकन. सौदा १०० ला ठरला, घेणारा ८० टक्के कर्ज धरून २० घेऊन तयार आहे. बँकेने घराची किंमत ९४ धरली की कर्ज ७५.२ वर येतं. आता घेणाऱ्याला २० ऐवजी २४.८ उभे करायचे आहेत. इथे एजंटने आजूबाजूच्या अलीकडच्या विक्रीच्या नोंदी जमवून फेरमूल्यांकन मागायचं, नाहीतर दोघांना मधल्या आकड्यावर आणायचं. कर्जाच्या मंजुरीची मुदत तेवढ्यात संपत आलेली असते. चांगला एजंट हे कागद घर बाजारात आणण्यापूर्वीच तपासतो. वाईट एजंट इसार (सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम) घेतल्यावर तपासतो, आणि मग इसार परत द्यायचा की जप्त करायचा यावर भांडण लागतं.

ताळेबंद
उंबरा, हे काम मोलाचं आहे, मान्य. पण घराची किंमत दुप्पट झाली म्हणून बोजा उतरवायचे कष्ट दुप्पट होत नाहीत. कागद तपासण्याचे ठरावीक पैसे आधी घ्या, जाहिरातीचा खर्च वेगळा दाखवा आणि मोबदल्याचा छोटा भाग घर विकलं जाण्यावर ठेवा. मग न विकलेल्या घराचा खर्च त्या घराच्या मालकावर पडेल. अमेरिकेत एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने खटल्यातल्या तडजोडीनुसार १७ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले. घेणाऱ्याच्या एजंटचा मोबदला आता एजंट आपापसात वापरतात त्या विक्रीच्या घरांच्या सामायिक यादीत छापता येत नाही, आणि घर दाखवण्यापूर्वी घेणाऱ्याशी लेखी करार करावा लागतो. कोण कोणाला किती देतंय हे उघड होणं हीच सुरुवात आहे.

पायाभरणी
आधी पैसे देणारे विक्रेते किती भेटतील? ‘विकलं तर देईन’ ही अट विक्रेत्यालाच हवी असते, आणि तिचीच किंमत टक्केवारीत असते. सगळे पैसे आधी घेतलेला एजंट मूल्यांकन कमी आल्यावर तीन आठवडे बँकेच्या मागे लागेल का?

कडी_कोयंडा
ठरावीक की टक्के, यावर तुम्ही दोघं अडलात. माझ्या मते जास्त नुकसान करारातल्या कलमांनी होतं.

एकाच घरासाठी पाच एजंट नेमणं हा चुकीचा काटकसरीपणा आहे. काम दुसऱ्याने मारलं तर आपला खर्च बुडणार, म्हणून पाचांपैकी एकही चांगल्या फोटोंवर पैसे घालत नाही. तेच घर पोर्टलवर तीन वेगवेगळ्या किमतींना दिसतं आणि घेणारा सर्वात कमी आकड्यावरून बोलणी सुरू करतो. त्यापेक्षा एकालाच द्या, पण ठरावीक मुदतीसाठी, आणि मधेच काम काढून घेता येईल अशी अट लिहून.

मुदत संपल्यानंतरचं कलमही वाचा. एजंटने आणलेल्या ग्राहकाने नंतर थेट मालकाकडून घर घेतलं तरी कमिशन द्यावं लागतं, असं त्यात असतं. ते रास्त आहे, पण त्याचा अवधी मोजका असावा आणि ग्राहकांची नावं मुदत संपताना लेखी घ्यावीत. नावं नसली की कोणीही ‘तो माझाच ग्राहक’ म्हणू शकतो.

चढता दर हवा असेल, म्हणजे ठरलेल्या किमतीपर्यंत कमी टक्के आणि वरच्या रकमेवर जास्त, तर मूळ किंमत त्या एजंटला ठरवू देऊ नका. तो ती खालीच सुचवेल. स्वतंत्र मूल्यांककाचा आकडा घ्या.

ताळेबंद
यात एक भर. तोच एजंट दोन्ही बाजूंचा असेल तर १०० चे दोन वाटे होतच नाहीत, पायाभरणीचे ३५ थेट ७० होतात. विकणाऱ्याला जास्त आणि घेणाऱ्याला कमी किंमत हवी असताना तो कोणाच्या बाजूने बोलणार? अशा व्यवहारात दर कमी करण्याचं कलम आधीच घाला.

पायाभरणी
दर कमी व्हावा, हे पटतं. निम्मा मात्र नको. दुसऱ्या बाजूचं कर्ज, कागद आणि भेटी हे सगळं काम तेव्हा त्याच्याच अंगावर असतं.