अनुभव धागा: कुठल्या कथेनं तुमचा भ्रम मोडला?

सयाजीरावांनी १९१० साली उभारलेल्या सेंट्रल लायब्ररीच्या जिवावर वडोदऱ्यातल्या कितीतरी मराठी घरांत मोपासाँपासून प्रेमचंदांपर्यंत सगळे येऊन गेले. स्वार्थ आणि त्याग यांवरच्या त्या गाजलेल्या कथांचं तात्पर्य शाळेत पाठ झालं होतं. ते इथे नको. ती कथा पुढे आयुष्यात कुठे गाठ पडली, तेवढं लिहा. नावं घेऊ नका.

रावपुरा, निवृत्त बँक कर्मचारी

मोपासाँची हिऱ्याच्या हाराची कथा (१८८४). उसना आणलेला हार मातिल्द हरवते, नवराबायको ३६,००० फ्रँकचा तसाच हार घेऊन परत करतात, दहा वर्षं कर्ज फेडतात आणि शेवटी कळतं की मूळ हार खोटा, फार तर पाचशेचा. शाळेत शिकलो, हाव वाईट. कर्जविभागात बसायला लागल्यावर पुन्हा वाचली आणि नवऱ्यापाशीच थांबलो. बंदुकीसाठी साठवलेले चारशे फ्रँक तो आधीच बायकोच्या पोशाखाला देऊन बसलेला. वडिलांचे १८,००० हारात जातात. उरलेल्या रकमेसाठी मिळेल त्या सावकाराच्या कागदावर सही करतो, रात्री पानामागे पाच सू, म्हणजे जेमतेम पाव फ्रँक, घेऊन नकला उतरवतो. आमच्या प्रश्नोत्तरांत त्याच्यावर एकही प्रश्न नव्हता. माझ्या टेबलासमोर अशी माणसं रोज बसायची. मुलीच्या लग्नाला पैसे हवे असायचे, अर्जावर कारण लिहायचे 'घरदुरुस्ती'. सही करताना हात थरथरायचा, पण घरी यातलं काही बोलायचे नाहीत.

दांडिया बाजार, शिक्षिका

मोपासाँचीच 'बूल द स्वीफ' (१८८०). युद्धात रूआँ सोडून निघालेली प्रतिष्ठित मंडळी घोडागाडीत उपाशी असतात, तेव्हा ज्या बाईकडे नाक मुरडून बघत होते, तिच्याच टोपलीतली कोंबडी चाटूनपुसून खातात. पुढे प्रशियन अधिकारी गाडी अडवतो, किंमत म्हणून ती बाईच मागतो. ती ठाम नकार देते. मग हेच लोक तिला त्यागाच्या थोर गोष्टी सांगायला लागतात, बरोबरच्या जोगिणीसुद्धा! अखेर ती मान तुकवते. गाडी सुटल्यावर ती उपाशी बसते आणि तिला कुणी एक घासही विचारत नाही.

आमच्या वाड्यात नळाच्या पाण्यावरून घरमालकाशी भांडायला एकच काकू पुढे झाल्या. पाठवलं आम्हीच, 'तुम्हालाच जमेल हो' म्हणून. पाणी आलं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्यांना बोलावणं गेलं नाही. बाई भांडकुदळ आहे म्हणे. कैरीची डाळ, पन्हं, सगळं त्यांच्या दारावरून पुढे गेलं. मी तेव्हा दहावीत होते. शेजारधर्म या शब्दावरचा माझा विश्वास त्या दिवशी उडाला.

मांजलपूर, सॉफ्टवेअर

ओ. हेन्रीची 'गिफ्ट ऑफ द मॅजाय'. ती केस विकून त्याच्या घड्याळाला साखळी घेते, तो घड्याळ विकून तिच्या केसांना कंगवे. आमच्याकडेही झालं. तिच्या आईसाठी मी पुण्याची नोकरी न सांगता नाकारली आणि माझ्यासाठी तिनं इथली न सांगता सोडली. कथा जेवण चढवायला सांगून थांबते. आम्ही मात्र पुढे कित्येक महिने एकमेकांवर चिडलेलो होतो. तरी कथा आवडते.

कारेलीबाग, परिचारिका

प्रेमचंदांची 'कफन'. आत बुधिया बाळंतपणात तडफडतेय आणि बाहेर घीसू-माधव बापलेक बटाटे भाजून खातायत. कुणी आत जात नाही, कारण गेला तर दुसरा जास्त बटाटे संपवेल. नंतर कफनाच्या पैशांची दारू पितात. कॉलेजात वाचली तेव्हा संताप संताप झाला.

मी बाळंतपणाच्या वॉर्डात काम करते. आत बाई कळा देत असताना बाहेर लारीवर सेवउसळ खाणारे नातेवाईक बघून सुरुवातीला असाच राग यायचा. मग बोलायला लागले. खेड्यातून आदल्या दुपारी निघालेले, तेव्हापासून पोटात काही नाही, आणि घास घशाखाली उतरत नाही म्हणून दोघांत एकच प्लेट. 'कफन'मध्ये घीसू कधीकाळी पोटभर जेवलेल्या एका लग्नाची आठवण किती रंगवून सांगतो, ते मी आता सावकाश वाचते. राग आहेच, पण तो आता त्या बापलेकांपाशी थांबत नाही.

वाडी, गृहिणी

ऑस्कर वाइल्डचा 'हॅपी प्रिन्स' (१८८८) नातवाला सांगत होते. राजपुत्राचा पुतळा गरिबांना तलवारीचं माणिक देतो, डोळ्यांचे नीलम देतो, अंगावरचा सोन्याचा पत्रा देतो. पोचवायला पाकोळी. तिला इजिप्तला जायचंय, थंडी वाढतेय आणि तो म्हणतो, अजून एक रात्र थांब. नातू म्हणाला, "आजी, पण मेली तर ती ना?"

माझे वडील समाजकार्यात होते. खरंच मोठं काम केलं, गावोगाव फिरले, पगार वाटून टाकला, सत्कार झाले. घर आईच्या शिवणयंत्रावर चाललं. रात्री अकरापर्यंत ब्लाउजना काजं करायची, डोळे अधू झाले तरी. एका सत्काराला वक्त्यांनी 'त्यागमूर्ती' म्हटलं, तेव्हा आई मागच्या रांगेत होती. रावपुऱ्याच्या भाऊंनी हारवाल्या नवऱ्याचं लिहिलं, ते वाचून हे लिहायचा धीर झाला. आईबद्दल आजवर कुठे कुणी दोन ओळीही लिहिल्या नव्हत्या.