कोरोनानंतर आईला कापूस वेचणं झेपत नाही

प्रश्न (पांढरकवड्याकडची लेक):
2021 च्या दुसऱ्या लाटेत आईला कोरोना झाला. त्याआधी ओटी बांधली की दुपारपर्यंत तिचा हात थांबत नसे. आता थोड्या वेळात धुऱ्यावर बसते. एक दिवस जोर लावून वेचलं, तर दुसऱ्या दिवशी पिंढऱ्या ठणकतात, जेवायला उठणंही जिवावर येतं. घरचे म्हणतात, कामाला लागली की अंग मोकळं होईल. मला पटत नाही. यावर संशोधन आहे का?

आरोग्यसेविका, घाटंजी:
ताई, तुझं बरोबर आहे. ॲमस्टरडॅममध्ये लाँग कोविडचे, म्हणजे कोरोना होऊन गेल्यावरही त्रास न गेलेले, 25 रुग्ण आणि 21 निरोगी माणसांना सायकल चालवायला लावली, आधी-नंतर मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासला. 2024 मध्ये हे छापून आलं. रुग्णांच्या पेशींत ऊर्जा तयार करणारी यंत्रणा मंदावलेली होती आणि श्रमानंतर स्नायूंची इजा वाढली. अभ्यास लहान आहे, पण हा आळस नव्हे! दमायच्या आधीच बसू दे तिला, जबरदस्ती नको.

शेतकरी, आर्णी:
पण सगळं कोरोनावर ढकलू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या लाँग कोविडच्या व्याख्येतही दुसरं कारण नसावं ही अट आहे. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर तपासा. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही पाहाच.

पांढरकवड्याकडची लेक:
सोमवारी रक्त तपासायला नेते. भाऊ, ताई, आभार. बाबांना स्नायूंचं वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण उद्याच्या वेचणीला दोन बाया सांगून आले.