सोलापुरातल्या छोट्या चर्चचा इतिहास आणि जुनं सामान: नोंद कशी करावी?

प्रश्न
सोलापुरातल्या एका छोट्या कॅथलिक चर्चच्या स्मरणिकेसाठी इतिहास आणि सामानाची यादी करायची आहे. बांधकामाचं साल सांगणारा कागद हाताशी नाही. भिंतीला लागून जुनी सागवानी वेदी, क्रुसाच्या वाटेच्या (येशूच्या क्रूसयात्रेच्या चौदा प्रसंगांच्या) तसबिरी, घंटा, पुतळे, पितळी मेणबत्तीदाने आहेत. उन्हाळ्यात रंगकाम निघणार. त्याआधी काय टिपून ठेवावं?

दप्तरवाला
आधी बाप्तिस्म्याची रजिस्टरं, इमारत मागाहून. धर्मग्राम, म्हणजे एका चर्चला जोडलेला भाविकांचा समुदाय, बऱ्याचदा इमारतीपेक्षा जुना असतो. पुणे धर्मप्रांत (एका बिशपच्या अखत्यारीतला मुलूख) १८८६ साली झाला. त्याआधी हा मुलूख मुंबईच्या व्हिकर अपोस्टोलिककडे (धर्मप्रांत होण्याआधी पोपच्या वतीने कारभार पाहणाऱ्याकडे) होता, म्हणून जुना पत्रव्यवहार दोन्हीकडे शोधा. रेल्वे सोलापुरात १८६० ला आली, जुनी मिल १८७७ ला सुरू झाली. बापाच्या धंद्याचा रकाना असेल तर दर दहा वर्षांचे रेल्वेवाले, गिरणीवाले, पलटणीतले वेगवेगळे मोजा. वस्ती कशी जमली ते आपोआप दिसतं.

जुन्या नोंदी लॅटिनमध्ये असतात. सातचा आकडा आणि पुढे 'बेर' दिसलं तर तो सप्टेंबर, जुलै नव्हे. आठ म्हणजे ऑक्टोबर. इथे हमखास घोळ होतो. समासातल्या बारीक टिपा सोडू नका, लग्न कुठल्या चर्चमध्ये झालं ते तिथेच लिहिलेलं असतं. अलीकडच्या नोंदी मात्र छापू नका.

अमेरिकन मराठी मिशनचं सोलापुरातलं काम प्रोटेस्टंट, त्यांचं दप्तर वेगळं. आडनावं जुळतात म्हणून दोन्ही इतिहास एकत्र कालवू नका.

कौलारू
छपरावर मंगलोरी कौलं असतील तर चार-पाच उलटी करून पाहा, कारखान्याचा छाप असतो. बासेल मिशन या प्रोटेस्टंट मिशनचा छाप निघाला तर चर्च प्रोटेस्टंट होतं असं कुणीतरी म्हणणारच! पण मिशनचा तो कौलांचा कारखाना होता, कुणालाही माल विकायचा. शिवाय कौलं बदलली जातात, तेव्हा छापावरून साल ठरवू नका, अंदाज बांधा. घंटेचंही तेच: तिच्यावरचं साल ओतकामाचं, चर्चचं नव्हे. अक्षरांवर पातळ कागद धरून पेन्सिल घासा, फोटोपेक्षा स्वच्छ वाचता येतं.

सागवानी
भिंतीला लागून असलेली वेदी बहुधा कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (१९६२-६५) आधीची. फादरांनी लोकांकडे तोंड करून मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करणं सुरू झालं तशी पुढे दुसरी वेदी आली. जुन्या वेदीच्या पृष्ठभागात मधोमध पाच क्रूस कोरलेला सपाट दगड बसवलेला आहे का, बघा. त्यात संतांचे अवशेष असतात. तो सुताराला काढू देऊ नका, आधी फादरांना दाखवा. अवशेष विकायला चर्चच्या कायद्याने सक्त मनाई आहे.

क्रुसाच्या वाटेत महत्त्व चौदा छोट्या लाकडी क्रुसांना, चित्रं ही जोड. रंगारी तसबिरी उतरवताना क्रूस हरवतात, म्हणून प्रत्येकामागे पेन्सिलीने क्रमांक घाला. चौकटीच्या पाठीवर दुकानाचं लेबल असेल तर फोटो काढा, उपटू नका. मागे प्लायवूड असेल तर त्यातल्या आम्लाने कागद तपकिरी पडतो. आम्लरहित पुठ्ठा घाला.

प्लास्टरच्या पुतळ्यांना पाणी लावू नका, मऊ ब्रशने धूळ काढा. इनॅमल रंगाने चेहऱ्याची सगळी घडण बुजते. मिस्साच्या प्याल्याला आतून सोन्याचा मुलामा असतो, चिंच आणि भांड्यांची पावडर लागली की तो गेलाच. तीच गोष्ट मेणबत्तीदानांची: आधी मुलामा नाही ना, ते बुडाशी तपासा.

प्रश्नकर्ता
वेदीला खालून वाळवी दिसते. ऑइलपेंट द्यावा का?

सागवानी
मुळीच नको. मातीच्या नळ्या असतील तर वाळवी, पिठासारखा भुसा पडत असेल तर भुंगा, उपाय वेगळे. सागाचा गाभा सहसा टिकतो, बाहेरचा पांढरा भाग आणि मागच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या खाल्ल्या जातात. तेवढ्याच बदला. वेदी भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या, म्हणजे मागे हात आणि टॉर्च जाईल. वाळवीचा उपाय जमिनीत आणि भिंतीच्या सांध्यात करावा लागतो, नुसतं लाकूड फवारून ती परत येते.

पॉलिश ओळखायला लपलेल्या कोपऱ्यात कापसाने स्पिरिट लावा. चिकट झालं तर लाखेचं फ्रेंच पॉलिश आहे. ते घासून न काढता त्यावरच पातळ हात देता येतो. पॉलिशपेपर मारला तर कोरीव काम बोथट होतं.