उपयोजित गणितात एमएस्सी करून पोट भरतं का?

कृष्णाकाठ: भाची साताऱ्याला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय गणित. तिला पुढे उपयोजित गणितच करायचंय, आयआयटीतल्या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचा, जॅमचा, अभ्यासही चालू आहे. घरचे म्हणतात, एमसीए कर. मला तिची बाजू घ्यायचीय, पण नोकऱ्या कुठे असतात ते सांगा.

माणदेशी: ताई, तिला भरीस घालू नका. एमएस्सी होऊन, प्राध्यापकीच्या सेट-नेट परीक्षा काढून तासिका तत्त्वावर राबणारी मुलं मी रोज बघतो. मानधन महिनोन्‌महिने येत नाही. भरतीची वाट बघताना वयं उलटली त्यांची.

पाषाणकर: दादा, हे प्राध्यापकीचं दुखणं आहे, विषयाचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने घडवलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ मे 2025 मध्ये सुरू झाली. हवामानाचा अंदाज आधी 12 किलोमीटरच्या चौकटीवर निघायचा, आता 6 वर. बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात. साध्या पद्धतीत वेळेचा टप्पाही निम्मा करावा लागतो, नाहीतर उत्तर भरकटतं. म्हणजे आकडेमोड आठपट! ती आटोक्यात आणणं हेच उपयोजित गणित. नरेंद्र करमरकरांची 1984 ची रीत बघा, लिनिअर प्रोग्रॅमिंगची, म्हणजे ठरलेल्या मर्यादांत सगळ्यात फायद्याचा पर्याय काढायची, प्रचंड गणितं तिने आवाक्यात आणली.

माणदेशी: करमरकर आयआयटी मुंबईचे इलेक्ट्रिकल इंजिनीअर, पीएचडी बर्कलीची. त्यांचं उदाहरण गणिताच्या एमएस्सीला कसं लागू? संशोधनात टिकायचं तर पीएचडी आलीच. तोवर घर कोण चालवणार?

दादरवाली: विम्याचं कोणीच बोललं नाही. ॲक्च्युअरी म्हणजे विम्यातली जोखीम आकड्यांत मोजणारा. त्याच्या परीक्षांना एमएस्सीची अट नाही, प्रवेश परीक्षा बारावीनंतरही देता येते. संभाव्यता आणि व्याजाचं गणित पक्कं हवं. नोकरी करत एकेक पेपर काढता येतो, मात्र सगळे संपायला वर्षं जातात.

पाषाणकर: कृष्णाकाठताई, डिग्रीच्या नावावर जाऊ नका, अभ्यासक्रम मागवा. न्यूमरिकल ॲनालिसिसचं, म्हणजे आकडेमोडीने जवळपासचं उत्तर काढायच्या रीतींचं, प्रात्यक्षिक संगणकावर होतं की वहीत? ऑप्टिमायझेशन, संख्याशास्त्र, पायथन आहे का? नसेल तर मीही नको म्हणेन. असेल, तर मॉडेल कुठे आणि का चुकलं हे शोधायची ताकद येते. बँकांच्या जोखीम विभागांना अशीच माणसं लागतात.

माणदेशी: ही कसोटी पटली. पण आमच्या भागात असं कॉलेज मला दिसत नाही. पुण्या-मुंबईचा हॉस्टेलचा खर्च झेपणार असेल तरच.

कृष्णाकाठ: खर्चाचं मी बघते. एमसीएची सीईटीही द्यायला लावू का?

माणदेशी: लावा. अर्ज दोन्हीकडे असू द्या.