सेमिनारसाठी उदाहरण सुचवा: ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर आणि पेशीविभाजन

पऱ्हाटी_फूल (यवतमाळ जिल्हा):
एमएस्सी पहिलं वर्ष, प्राणिशास्त्र. शनिवारी दहा मिनिटांचा सेमिनार आहे. विषय: बाहेरून संदेश आला की ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर (डीएनएवर बसून जीन्स चालू-बंद करणारी प्रथिनं) पेशीची वाढ आणि विभाजन कसं चालवतात. पुस्तकातल्या एकाच आकृतीत नावं आणि बाणांचं जंगल आहे. रास, राफ, मेक, अर्क ही संदेश पुढे नेणारी प्रथिनं, इथवर पाठ होतं. फॉस-जुन हे फॅक्टर आले की मागचं सगळं साफ. कोणतं एक उदाहरण घेऊ? लांब व्हिडिओ सुचवू नका, आमच्याकडे रेंज रात्री दहानंतर येते.

डवरणीवाला:
बाई, उदाहरण तुह्या धुऱ्यावरच हाये. मागच्या साली आमच्या बाबानं टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप पऱ्हाटीले चालवला. धुतला होता म्हणे, एका पाण्यानं! जुनी पानं होती तशीच, पण शेंड्याले निंघणारं हरेक नवं पान भेंडीच्या पानावानी चिरलेलं. टू-फोर-डी म्हणजे नकली ऑक्झिन. ऑक्झिन हे झाडाच्या वाढीचं हार्मोन. ऑक्झिनची जीन्स चालू करणाऱ्या एआरएफ नावाच्या फॅक्टरवर एरवी एक दाबून ठेवणारं प्रथिन बसून रायते. ऑक्झिन आलं की ते प्रथिन मोडते अन् एआरएफ मोकळा. खरं ऑक्झिन झाड आवरून घेते, हे नकलीवालं लवकर जिरतच नाही. संदेश थांबतच नाही, मंग पान बिघडनच नं.

काचपट्टी:
दादांचं उदाहरण झकास, पण ते पहिल्या मिनिटापुरतंच ठेव. ऑक्झिनमुळे पेशी लांबतातही, आणि तुझा विषय प्राणिशास्त्राचा. मुख्य उदाहरण आरबी हे प्रथिन आणि ई२एफ हा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर यांचं घे.

डवरताना बैलाला मुसकं बांधतो ना? बैल पिकातच उभा असतो, पण तोंड लावू शकत नाही. ई२एफ तसाच डीएनएवर बसलेला असतो आणि आरबी हे त्याचं मुसकं. वाढीचा संदेश आला की तुझी रास-राफची साखळी फॉस, जुन, मिक या फॅक्टरांना जागं करते. त्यातून सायक्लिन डी हे प्रथिन तयार होतं. ते सीडीके ४ आणि ६ या फॉस्फेट चढवणाऱ्या एन्झाइम्सना जोडलं गेलं की आरबीवर फॉस्फेट चढू लागतात आणि मुसकं सैल होतं. ई२एफ डीएनएची नक्कल करायला लागणारी जीन्स चालू करतो, शिवाय सायक्लिन ई सुद्धा. ते सीडीके २ ला घेऊन आरबीवर आणखी फॉस्फेट चढवतं. इथून पुढे बाहेरचा संदेश बंद झाला तरी पेशी मागे फिरत नाही. विभाजन आटोपलं की मुसकं परत बांधलं जातं.

मिकबद्दल एक वाक्य नक्की टाक: हे प्रथिन अर्ध्या तासाच्या आतच निम्मं होतं. म्हणून संदेश थांबला की तेही लगेच ओसरतं. नावं पाठ करण्यापेक्षा हे ‘किती वेळ’ लक्षात ठेव, परीक्षक तिथेच पकडतात.

पऱ्हाटी_फूल:
मॅडम, आता डोक्यात शिरलं. पण मुसकंच नसेल तर? आणि पी५३ कुठे बसवू?

काचपट्टी:
आरबी जीनच्या दोन्ही प्रती बिघडल्या की लहान मुलांच्या डोळ्यात रेटिनोब्लास्टोमा होऊ शकतो. आरबी हे नाव तिथूनच आलं. पी५३ हाही ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरच, पण उलट बाजूचा. डीएनए तुटला की तो पी२१ चं जीन चालू करतो, पी२१ सीडीकेला अडवतं आणि मुसकं जागच्या जागी राहतं. पी५३ ला एकच स्लाइड दे, तो विषय सुरू झाला की आवरत नाही.

रात्रपाळी:
वाचायला एनसीबीआय या अमेरिकी सरकारी संस्थेचं बुकशेल्फ हे ऑनलाइन ग्रंथालय बघा. पेशीशास्त्राच्या जाड पुस्तकांच्या जुन्या आवृत्त्या तिथे फुकट आहेत. थेट अनुक्रमणिकेतून जाता येत नाही, शोधपट्टीत शब्द टाकावा लागतो. पान बहुतेक मजकुराचंच, कमी रेंजमध्येही उघडतं.

पऱ्हाटी_फूल:
गोठ्यातून मुसकं काढून धुवून वाळत घातलंय. बाबा विचारताहेत, कॉलेजात बैल नेतं का.

डवरणीवाला:
पंपही असाच तीनदा धुवाले सांग त्यायले.