नाल्यातली बेशरम मेंढ्यांना चारावी का?

हिंगण्याचा मेंढीवाला
राम राम मंडळी. उन्हामुळं धुरे, पडीत सगळं वाळून गेलं. हिरवी म्हणाल तर नाल्यातली बेशरमीची झुडपं तेवढी. आधी मेंढ्या तिला तोंड लावत नव्हत्या. आता कळप सोडला की तीन-चार जणी सरळ नाल्यात घुसतात, हाकलल्या तरी परत तिथंच. त्यातली एक रवंथ नीट करते, पण वाळत चालली आहे. चालताना मागचे पाय झुलतात, मान सारखी थरथरते. पाऊस येईस्तोवर चारू की थांबवू? एका कोकरावालीलाही तिचीच चटक लागली आहे.

गोधनीवाला
काही नाही होत भाऊ. आमच्या बकऱ्या येता-जाता खातात. भ्यायचं तर घाणेरीला भ्या. ती खाल्ली की डोळे पिवळे पडतात, उन्हात कान-तोंड सुजतं.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, काटोल रोड
घाणेरीचं बरोबर सांगितलं, ती यकृत धरते. पण बेशरम निर्धोक नाही जी. तिच्यातलं स्वेन्सोनिन नावाचं विष मेंदूच्या पेशींतलं एक विकर (एन्झाइम) अडवतं. मग न पचलेली साखर पेशींत साचते. एखाद-दोन घासांनी जनावर पडत नाही, म्हणूनच बकऱ्यावाल्यांना काही होत नाही असं वाटतं. रोज खाल्लं की काही आठवड्यांत झोकांड्या सुरू. शिवाय चटक लागते, ती तुम्ही पाहतच आहात.

मेंढीची हनुवटी मिनिटभर वर धरा आणि सोडा. निरोगी मेंढी उभी राहते, बाधलेली मागं कोलमडते. उतारा नाही. बेशरम खाणं लवकर तोडलं तर बऱ्याच सावरतात, उशीर झाला तर नाही. विष दुधातून उतरतं, म्हणून कोकरावालीला आधी बांधा. पाला वाळवून घालायचा विचारही करू नका, विष तसंच राहतं. तुरीचं कुटार आणि थोडी सरकी ढेप द्या. १९६२ वर फोन करून डॉक्टरांना दाखवा, थरथर दुसऱ्याही कशानं असू शकते.

हिंगण्याचा मेंढीवाला
धरून पाहिली काकाजी, थरथरणारी बसलीच. कोकरावाली उभी राहिली. दोघी गोठ्यात बांधल्या, फोनही लावला. बेशरम तोडून नाल्यातच टाकू का?

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, काटोल रोड
नको हो! कांडी पडली तिथं रुजते. मुळासकट उपटून मुरमावर पसरा, कडक वाळली की जाळा.